खुर्चीची उत्तरपूजा

शिट्टी वाजली तेव्हा मी तुळशीला प्रदक्षिणा घालत होते. प्रदक्षिणा मधेच सोडता येत नाही, म्हणून राहिलेले फेरे जरा लगबगीनं घातले. तोवर शिट्टी पुन्हा वाजली. आमच्या घरात शिट्ट्यांचा अर्थ ठरलेला होता. लांब शिट्टी म्हणजे चहा, तुटक शिट्टी म्हणजे वर्तमानपत्र. ही मात्र खेळ थांबवायची शिट्टी होती.

मी ओल्या पायांनी आत गेले. वन्सं कॉटवर बसल्या होत्या आणि देवघराकडे बघत होत्या.

"मालिनी, माझ्या खुर्चीला हार कुणी घातला?"

"मी," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोल."

"मीच घातला, वन्सं. आज खंडेनवमी ना."

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, शशिकला. मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. निवृत्त व्हायला थोडे दिवस राहिले असताना स्कूटरवरून पडल्या आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून त्या आमच्याकडेच. शाळा सुटली, पण गळ्यातली शिट्टी सुटली नाही. आवाज त्यांचा मूळचाच दणदणीत, शिट्टीची खरं तर गरज नव्हती. पण त्या म्हणायच्या, "तुला हाक मारली तर तू हळूच 'ओ' देतेस, ते मला ऐकू येत नाही. शिट्टी मारली की निदान धावत तरी येतेस."

देवघरासमोर मी पाट मांडला होता. पाटावर विळी, सुरी, किसणी, अडकित्ता, यांच्या स्कूटरची किल्ली. पाटाशेजारी शिवणयंत्र. आणि शिवणयंत्राशेजारी वन्संची चाकांची खुर्ची. दोन्ही चाकांना हळदीकुंकू, पाठीला झेंडूचा हार, बसायच्या जागी तांदळाच्या राशीवर सुपारी. खरं सांगायचं तर सगळ्यांत ती खुर्चीच शोभत होती. ज्याच्यावर आपलं चालतं त्याची आज पूजा करायची, आणि आमच्या घरात त्या खुर्चीइतकं चालणारं दुसरं काय होतं?

"छान दिसतेय," वन्सं म्हणाल्या. "आता ती सुपारी उचल आणि खुर्ची इकडे आण."

"अहो, पण पूजेला लावलेली वस्तू उत्तरपूजेशिवाय हलवत नाहीत. उद्या दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली की लगेच आणते."

"आणि आज मी काय करू?"

"आज आराम करा. मी इथेच आहे. काय हवं ते हातात देते."

"मालिनी, ती खुर्ची आहे. नांगर नाही."

"तुमच्या आईंनीच शिकवलंय मला. त्या तर खंडेनवमीला लाटणंसुद्धा हलवू द्यायच्या नाहीत."

आईचं नाव काढल्यावर वन्सं खालच्या आवाजात म्हणाल्या, "आज ती पुण्याची मुलगी वाट मोजायला येणार आहे. मी आजच वर जाणार होते."

आता ही वाट कुठली, ते सांगायला हवं. आमचं घर जाखाईच्या टेकडीच्या पायथ्याला. टेकडी म्हणायची एवढंच, दोन-तीन मजली घराएवढी असेल, पण वर देवीच्या देवळात जायला नुसत्या दगडी पायऱ्या. देवस्थानानं त्या वर्षी पायऱ्यांच्या बाजूनं वळणावळणाची फरसबंद वाट बांधली, खास चाकांच्या खुर्चीसाठी. ती उघडायची होती दसऱ्याला. पण उघडण्याआधी एका संस्थेची बाई येऊन वाट मोजणार होती. उतार किती, आडवा कल किती, रुंदी किती, कुठे फट आहे, कुठे दगड वर आलाय. तिनं 'ठीक' म्हटलं तरच वाट उघडायची, असं ठरलं होतं.

आणि ही वाट वन्संसाठी काय होती, ते मला ठाऊक होतं. कित्येक महिने त्या सकाळ-संध्याकाळ वाळू भरलेल्या बाटल्या उचलत होत्या. अंगणात खुर्चीच्या फेऱ्या मारत होत्या. त्यांना वर जायचं होतं, आणि स्वतःच्या हातांनी जायचं होतं. देवस्थानचे अध्यक्ष भाऊसाहेब कणसे मागच्याच आठवड्यात घरी येऊन म्हणाले होते, "बाई, दसऱ्याला पहिला मान तुमचा. चार तरणी पोरं लावतो, डोलीत बसवून नव्या वाटेनं वर नेतो. फोटोवालाही सांगितलाय." त्यावर वन्सं म्हणाल्या होत्या, "डोलीतच न्यायचं होतं तर पायऱ्या काय वाईट होत्या?" भाऊसाहेब हसले. त्यांना वाटलं, बाई विनोद करताहेत.

तर आज मोजणी, उद्या डोली. आज खुर्ची मिळाली नाही तर उद्या सगळ्या गावासमोर, फोटोवाल्यासमोर वन्संना कुणीतरी उचलून नेणार. हे सगळं मला कळत होतं. तरीही खुर्चीवरची सुपारी उचलायला माझा हात पुढे होईना. नियम म्हणजे नियम.

"मला तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"कारण तू सोबत आली असतीस."

"मग? सोबत आले असते तर काय बिघडलं असतं?"

"तू मागून ढकललं असतंस."

हे खरं होतं. माझे हात आपोआपच खुर्चीच्या दांड्याकडे जात. अंगणातसुद्धा जात. मग शिट्टी वाजे.

तेवढ्यात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. पँट, शर्ट, पाठीवर रिकामी पिशवी, चेहरा रडवेला.

"शशिकला मॅडम इथेच राहतात ना? उद्या पहिला मान आहे त्या? मी तृप्ती. तृप्ती ढमढेरे. मॅडम, माझ्या सामानाला देवस्थानच्या लोकांनी नैवेद्य दाखवलाय."

तिला बसवलं, पाणी दिलं, तेव्हा सगळा उलगडा झाला. आदल्या संध्याकाळी तिनं आपली मोजायची यंत्रं देवस्थानच्या कार्यालयात ठेवली होती. उतार दाखवणारी विजेवरची पट्टी, अंतर मोजायचं दांड्याचं चाक, आणि एक छोटी तीनचाकी गाडी, जी वाटेवरून ढकलत नेली की खाचखळगे आपोआप टिपून ठेवायची. सकाळी कार्यालयातल्या मंडळींनी कपाटाच्या किल्ल्या, पंप, तिजोरी, टंकलेखन यंत्र अशी सगळ्यांची पूजा मांडली. ही नवी यंत्रं बघून त्यांना भरूनच आलं. तीही मधोमध मांडली.

"पट्टीच्या काचेवर हळद आहे," तृप्ती म्हणाली. "चाकाला हार घातलाय, तो आसात गुंतलाय. आणि गाडीवर कोहळा ठेवलाय. मी उचलायला गेले तर अध्यक्ष म्हणाले, 'ताई, आज नाही. उद्या सकाळी.' मी म्हटलं, 'उद्या सकाळी तर तुम्ही वाट उघडणार, मग मी मोजू कधी?' तर म्हणाले, 'मोजायचं असेल तर आजच मोजा.' मी म्हटलं, 'मग यंत्रं द्या.' म्हणाले, 'यंत्रं उद्या.'"

कॉटवरून वन्सं हसायला लागल्या. इतक्या हसल्या की शिट्टी छातीवर उड्या मारायला लागली. "पोरी, ती बघ," त्या देवघराकडे बोट दाखवून म्हणाल्या. "तुझी गाडी तिकडे, माझी इकडे."

तृप्तीनं खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पदर सारखा केला.

"संध्याकाळच्या गाडीनं मला परत जायचंय," ती म्हणाली. "काही लिहून दिलं नाही तर ते उद्या उघडतीलच. आणि मॅडम, मी काल नुसतं चालून पाहिलं. वरचं शेवटचं वळण मला बरोबर वाटत नाही. पण नुसतं वाटून उपयोग नाही, माप हवं."

मला तिची दया आली. म्हटलं, "चल, गावात बघू. उतार मोजायचं काहीतरी कुणाकडे असेलच."

आम्ही दोघी निघालो. शिवराम गवंड्याच्या दारात गेलो. त्याची उतार बघायची पाणसळ भिंतीला टेकवून ठेवलेली, तिच्यावर कुंकवाची पाच बोटं उमटलेली, समोर उदबत्ती. "वहिनी, तुम्हीच सांगा, आज हिला कसा हात लावू?" तो म्हणाला. मी काय सांगणार, मी मान डोलावली. सुताराकडचा काटकोनी गुण्या पाटावर, ओळंबा त्याच्या शेजारी. शिंप्याची फीतसुद्धा नागासारखी वेटोळं करून ठेवलेली, तिच्या तोंडाशी दुधाची वाटी. ती वाटी का, हे मी विचारलं नाही. शाळेतल्या भूमितीच्या पेट्या सरस्वतीपुढे. ही गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची. तेव्हाचे फोन नुसते बोलायच्या कामाचे होते, त्यांना उतारबितार काही कळत नसे. आणि तृप्तीच्या फोनलाही कार्यालयात कुणीतरी टिळा लावलेलाच होता.

"काकू," परत येताना तृप्ती म्हणाली, "या गावात आज मोजता येईल अशी एकही वस्तू नाही का?"

"नारळ आहेत," मी म्हटलं.

ती थांबली. "काय म्हणालात?"

"नारळ," मी जरा मोठ्यानं म्हटलं. "घरंगळतो ना. उतार असला की."

मला आपलं सुचलं ते बोलले. पण तृप्तीचे डोळे चमकले. आम्ही टेकडीच्या पायथ्याच्या दुकानातून एक गोल, सोललेला नारळ घेतला आणि वाटेनं वर गेलो. तृप्ती जागोजागी नारळ ठेवायची, बघायची. विसाव्याच्या सपाट जागांवर तो शांत बसला. चढावर घरंगळला, तिनं पायानं अडवला, "एवढं चालतं" म्हणाली. शेवटच्या वळणावर तिनं तो ठेवला मात्र, आणि नारळ खाली यायच्या ऐवजी आडवाच निघाला, बाहेरच्या बाजूच्या कठड्याकडे. कठड्यावर आपटला, उसळला, आणि मग वाट धरून असा काही सुटला की आम्ही दोघी बघतच राहिलो. पायऱ्यांवरून चढणाऱ्या बायकांनी त्याला हात जोडले. एका आजींनी "जाखाईचा कौल गं" म्हणून डोळे मिटले. खाली भाऊसाहेब मांडव घालून घेत होते, त्यांच्या पायाशी येऊन तो फुटला.

आम्ही खाली पोचलो तेव्हा ते खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन उभे होते.

"भाऊसाहेब, वरचं वळण बाहेरच्या बाजूला कललंय," तृप्ती म्हणाली. "खुर्ची कठड्याकडे ओढली जाईल."

"कोण म्हणतं?"

"नारळ."

"ताई, तुम्ही शिकलेल्या. नारळाच्या शब्दावर मी देवस्थानचं काम तोडू?" त्यांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. "नारळ मुळात गोल कुठे असतो. त्याला तीन डोळे, एका बाजूला जड. तुम्ही यंत्रानं माप दाखवा, मी मान्य करतो."

"मग यंत्रं द्या."

"उद्या."

मी मधे काहीतरी बोलले. भाऊसाहेब वाकून म्हणाले, "काय म्हणता, वहिनी?" मी म्हटलं, "माणसानं जाऊन पाहिलं तर मान्य कराल का? खुर्चीतून?"

ते म्हणाले, "करीन की. बाईंना विचारा. पण बाईंची खुर्ची आज पूजेत आहे, असं तुमचे हे सकाळीच सांगून गेले."

आमचे हे सगळ्या गावाला सगळं सांगतात.

तृप्तीला घेऊन घरी आले तर वन्सं तशाच बसून होत्या. मी देवघरासमोर उभी राहिले. हार थोडा सुकला होता. सुपारी तशीच होती. मी उपासनी गुरुजींना फोन लावला. नवरात्रातला नववा दिवस, गुरुजी कुठल्यातरी होमाला बसलेले, मागे तुपाचा चरचराट ऐकू येत होता.

"गुरुजी, एक विचारायचं होतं."

"बोला, पण पटकन. आणि मोठ्यानं."

"खंडेनवमीला पूजलेल्या वस्तूची त्याच दिवशी उत्तरपूजा करता येते का?"

"कसली वस्तू?"

"वन्संची खुर्ची."

"खुर्चीची पूजा केलीत?"

"हो."

"आणि बाई?"

"कॉटवर बसल्यात सकाळपासून."

"मालिनीवहिनी," गुरुजी म्हणाले, "खुर्चीतला देव सकाळपासून तुमच्या नणंदेकडे बघतोय. त्याला आधी मोकळा करा. अक्षता टाका, हात जोडा, जरा हलवा. झालं. स्वाहा." शेवटचं बहुतेक होमातलं असावं.

मी अक्षता घेतल्या. हातपाय धुतले होतेच, तरी पुन्हा धुतले. खुर्चीवर अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि म्हटलं, "पुनरागमनायच."

"येईल गं," मागून वन्सं म्हणाल्या. "कुठे जातेय ती. टेकडीवर जाऊन परत येईल."

मी सुपारी उचलली. खुर्चीला हात लावताना डोळे मिटले. सासूबाई डोळ्यांसमोर आल्या, लाटणं घेऊन. पण त्या काही बोलल्या नाहीत.

वन्संनी हातांवर जोर देऊन स्वतःला खुर्चीत आणलं आणि आवाज चढवून म्हणाल्या, "तृप्ती, तुझा नारळ भाऊसाहेबांनी खाल्ला ना? मग आता माप कशानं घेणार?"

तृप्ती विचार करून म्हणाली, "काठोकाठ भरलेलं भांडं मांडीवर धरलंत तर आडवा कल समजेल. पाणी ज्या बाजूला, जितकं चढेल तितका कल. पण पाण्याची खूण राहत नाही. वाळून जातं."

"पाणी नको. चहा घेऊ. पांढऱ्या कपात. चहाचा डाग राहतो," वन्सं म्हणाल्या. "मालिनी, चहा टाक. तुझ्या त्या कपात दे, निळ्या काठाच्या."

"तो कप तर मी..." मी बोलता बोलता थांबले.

निळ्या काठाचा कप माझा होता. वन्सं पडल्या त्या रात्री दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी जाखाईला म्हटलं होतं, वन्सं जगू देत, त्या तुझ्या दारात येईपर्यंत मी चहाला तोंड लावणार नाही. वन्सं जगल्या. पण तिच्या दारात जायला पायऱ्या. त्यामुळे माझा चहा सुटला तो सुटलाच. माझे नेम तसे पुष्कळ. पहाटेची अंघोळ, जप, तुळशीच्या प्रदक्षिणा, सोमवार, शुक्रवार, चतुर्थी. त्यांतल्या कशाचंच मला कधी काही वाटलं नाही. चहाचं मात्र वाटायचं. घरात सगळ्यांना दिवसातून कितीदा तरी मीच करून द्यायची, वासावरूनच सांगायची की आलं कमी पडलंय. वन्सं चिडायच्या. "पडले मी आणि उपास तुला. दुपारी मी कप तोंडाला लावते तेव्हा तू मांजरासारखी बघतेस. घोट उतरत नाही घशाखाली." मी म्हणायची, "बघत नाही हो मी." त्या म्हणायच्या, "मग डोळे मिटून वास घेतेस. ते जास्त वाईट."

तर कप फडताळात मागे ठेवला होता. काढला, विसळला. कप हत्यारात येत नाही, त्यामुळे पूजेचा प्रश्न नव्हता. चहा टाकला. मापाचं काम म्हणून मन लावून टाकला, चांगला गडद, डाग पडेल असा.

वाटेच्या तोंडाशी भाऊसाहेब, आमचे हे आणि मांडवाचे लोक जमले होते. वन्संनी मांडीवर ताट घेतलं, ताटात कप बसेल अशी ओल्या फडक्याची चुंबळ केली, चुंबळीत कप. मी काठोकाठ चहा ओतला. भाऊसाहेब म्हणाले, "बाई, पोरांना बोलावू का? उगीच दमाल." वन्संनी शिट्टी मारली आणि चाकं फिरवली.

माझे हात पुढे गेले. न वळता वन्सं म्हणाल्या, "मालिनी, पायऱ्यांनी जा. वर थांब. देवीला सांग, मी येतेय."

मी पायऱ्यांनी गेले. अनवाणी जायचा माझा नेम आहे. रोज एकेका पायरीला नमस्कार करत चढते, त्या दिवशी सगळ्यांना मिळून एकच केला. वर देवळाच्या अंगणात उभी राहून बघत राहिले. झेंडूचा हार काढायला मी विसरले होते. वळणावळणांतून ती केशरी खुर्ची वर येत होती, दिसायची, झाडामागे जायची, पुन्हा दिसायची. मागून तृप्ती, तिच्यामागे भाऊसाहेब धापा टाकत. विसाव्याच्या जागी वन्सं थांबल्या, कप बघितला, भाऊसाहेबांना काहीतरी म्हणाल्या. नंतर कळलं, त्या म्हणाल्या होत्या, "तुमच्यासाठी डोली मागवू का?"

मग ते वळण आलं.

खुर्ची वळणात शिरली आणि हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकायला लागली. वन्संचा उजवा हात चाकावर आवळला, डावा हात जोर लावतोय, मान ताठ, तोंड लाल. ताट कललं. चहा काठावरून ओघळला, लुगड्यावर सांडला. चाक कठड्याला घासलं, त्याचा आवाज वरपर्यंत आला. "वन्सं, उजवीकडे," मी जीव तोडून ओरडले. शेजारी हार विकणारी बाई बसली होती, तिनं विचारलं, "काही म्हणालात का?"

मी खाली धावायला निघाले. वन्संच्या तोंडात शिट्टी होतीच. ती वाजली, खेळ थांबवायची. मी होते तिथे थिजले. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. असं उभं राहणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी समजलं. समोर आपलं माणूस हेलपाटतंय आणि आपण हात बांधून उभं राहायचं; उपास त्याच्यापुढे काहीच नाही.

वन्संनी खुर्ची कठड्यापासून सोडवली. एक चाक, मग दुसरं. मान खाली घालून, ओठांत शिट्टी धरून, प्रत्येक हिसक्याला बारीक फुरफुर करत त्या वळणातून बाहेर आल्या. आणि मग अंगणात, सरळ जाखाईच्या दारासमोर.

भाऊसाहेब कठड्यावर बसले होते. काही न विचारता ते म्हणाले, "तोडतो हे वळण. परत बांधतो." आणि रुमालानं तोंड पुसलं.

वन्संनी देवीकडे पाहिलं. नमस्कारबिमस्कार काही केला नाही, जुन्या मैत्रिणीकडे बघावं तसं बघितलं नुसतं. मग माझ्याकडे वळल्या. तळव्यांची सालं गेली होती. ताटातला कप उचलून त्यांनी माझ्यापुढे धरला. अर्धा उरला होता. वर झेंडूची एक पाकळी तरंगत होती.

"घे," त्या म्हणाल्या. "आले मी दारात. आता पी."

मला आधी समजलंच नाही. मग त्या वाळूच्या बाटल्या आठवल्या. अंगणातल्या फेऱ्या आठवल्या. निळ्या काठाचाच कप का हवा होता, तेही समजलं. मी इतके महिने देवीला सांगत होते, वन्संना तुझ्या दर्शनाची ओढ लागलीय, लवकर बोलाव.

"वन्सं, तुम्ही याच्यासाठी..."

"मोठ्यानं बोल."

"काही नाही," मी म्हटलं.

"मग पी. पुन्हा मांजरासारखी बघू नकोस."

मी देवीला नमस्कार केला, पाकळी बाजूला सारली आणि तो अर्धा कप एका दमात प्याले. गार झाला होता. साखर घालायला मी विसरले होते. इतका चांगला चहा मी आयुष्यात प्याले नाही.

कप खाली केला तर समोर तृप्ती उभी, हातात कागद-पेन्सिल, तोंड उघडं.

"काकू," ती म्हणाली, "ते माप होतं."

मी कपात पाहिलं. आत काहीच नव्हतं. सगळ्या गावातली यंत्रं पूजेत, नारळ भाऊसाहेबांच्या पोटात, आणि उरलेलं एकुलतं एक माप मी पिऊन टाकलेलं.

"तिला बोलू नकोस," वन्सं म्हणाल्या आणि लुगड्यावरचा ओघळ दोन्ही हातांनी ताणून धरला. "सांडलेला इथे आहे. काय मोजायचं ते यावरून मोज."

तृप्तीनं खरंच मोजलं. कपाच्या आतल्या बाजूला एकीकडे वर चढलेली तपकिरी रेघ होती, तीही पाहिली. मग अंगणातल्या पारावर बसून लिहून दिलं की शेवटचं वळण दुरुस्त केल्याशिवाय वाट उघडू नये. कशानं मोजलं, तिथे तिनं काय लिहिलं ते तिनं आम्हाला दाखवलं नाही. भाऊसाहेबांनी मात्र खाली मुकाट्यानं सही केली.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला डोली वर गेली ती रिकामी, कारण फोटोवाल्याला आगाऊ सांगून ठेवलं होतं. दिवाळीनंतर वळण नव्यानं झालं. आता वन्सं कंटाळा आला की टेकडीवर जातात, आणि परत यायची वेळ झाली की वरून शिट्टी मारतात. लांब शिट्टी. मी खाली आधण ठेवते, दोघींचं.

दर खंडेनवमीला मी पाट मांडते. विळी, सुरी, किसणी, अडकित्ता, शेजारी शिवणयंत्र. खुर्चीला आता लांबूनच नमस्कार करते. पाटाच्या मधोमध निळ्या काठाचा कप ठेवते, त्याला हळदीकुंकू लावते, फूल वाहते. मापाचं साधन आहे ते, त्याला वगळून कसं चालेल? आणि एकदा पूजा झाली की उत्तरपूजेशिवाय तो हलवायचा नाही, हा नियम मी अजून पाळते. त्या दिवशी चहा दुसऱ्या कपातून घेते.